न ऐकूं येणारा दकार

आपल्याकडील लेखांत ज्या थोर चित्रकाराचें नांव ‘व्हॅन गॉग’ असें छापलें जातें, त्याच्या मायदेशांतील एखादा गृहस्थ तें नांव उच्चारूं लागला म्हणजे ऐकणारा मराठी मनुष्य क्षणभर बुचकळ्यांत पडतो. ‘फान् ख़ोख़्’ असें कांहींसें त्याच्या कानीं येतें. त्यांत गकार मुळींच नाहीं. त्याच्या जागीं घशांतून घासून निघणारा, उर्दू ‘ख़बर’ या शब्दांतल्यासारखा ध्वनि दोनदां ऐकूं येतो. आणि आरंभींचा व्हकार फकाराकडे झुकलेला असतो. त्याच गृहस्थास हें नांव लिहावयास सांगावें, तर तो व्हकाराचें आणि गकाराचेंच अक्षर लिहील, व आपण लिहितों तेंच बोलतों अशी त्याची प्रामाणिक समजूत असेल. लेखणींत एक, ओठांत दुसरें आणि मनांत कदाचित् तिसरेंच, असा हा प्रकार एका नांवापुरता नाहीं. डच भाषेच्या साऱ्या ध्वनिविचाराचा गाभाच येथें आहे.

डच लोक आपल्याला अगदींच परके नव्हेत. आपल्या जुन्या कागदपत्रांत त्यांस ‘वलंदेज’ म्हटलें आहे. सतराव्या शतकांत वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती. तथापि त्यांची भाषा आपण कधीं कान देऊन ऐकली नाहीं. इंग्रजी आणि जर्मन या दोन थोरल्या भगिनींच्या मध्यें उभी असलेली ही भाषा नेदरलंड्स, बेल्जमचा उत्तर भाग व सुरिनाम येथें मिळून दोन कोटींहून अधिक लोक बोलतात. तिच्या ध्वनिव्यवस्थेचें समग्र विवेचन करणारा, आणि इंग्रजींत लिहिलेला असल्यामुळें आपल्या वाचकांस सुलभ असा ग्रंथ म्हणजे खेर्त् बोय यांचा ‘द फोनॉलॉजी ऑफ डच’ (ऑक्सफर्ड, १९९५). ग्रंथ प्रसिद्ध होऊन तीस वर्षें होऊन गेलीं. नंतरच्या संशोधनाच्या उजेडांत तो पुन्हां वाचला म्हणजे त्याचें बळ आणि त्याची मर्यादा हीं दोन्ही सारखींच स्पष्ट दिसूं लागतात. त्या दोहोंची परीक्षा करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आणि त्या परीक्षेंतून जो प्रश्न उभा राहतो तो एकट्या डच भाषेचा नाहीं. भाषेचा ध्वनि नेमका राहतो कोठें? यंत्रानें टिपलेल्या हवेच्या कंपांत, कीं बोलणाराच्या मनांतील नियमांत?

हा प्रश्न डच भूमीस नवा नाहीं. १९२८ सालीं हेग येथें भाषाशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तींत याकोब्सन, त्रुबेत्स्कोय व कार्त्सेव्स्की या तिघां रशियन विद्वानांनीं असा विचार मांडला कीं, भाषेच्या ध्वनींचा अभ्यास केवळ जिभेच्या व ओठांच्या हालचालींचा अभ्यास म्हणून न करतां, अर्थभेद करणाऱ्या घटकांची एक व्यवस्था म्हणून करावा. १९३२ सालीं ध्वनिशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद आम्स्तर्दामला भरली. पुढें १९३९ सालीं लायडेन विद्यापीठांतील स्लाव्ह भाषांचे अध्यापक निकोलास फान वेइक् यांनीं या नव्या शास्त्रावर एक ग्रंथ डच भाषेंतच लिहिला. त्रुबेत्स्कोय यांचा सुप्रसिद्ध ग्रंथहि त्यांच्या निधनानंतर त्याच वर्षीं बाहेर आला.

या विचाराचें मर्म एका उदाहरणानें कळेल. डच भाषेंत आखूड स्वरानें ‘मान्’ म्हटलें तर पुरुष, आणि लांब स्वरानें ‘माऽन्’ म्हटलें तर चंद्र. या भेदाकडे डच कान सदैव जागा असतो. परंतु कोणी रकार जिभेच्या शेंड्यानें काढतो, कोणी पडजिभेजवळ काढतो. तेवढ्यानें शब्दाचा अर्थ पालटत नाहीं, आणि म्हणून हे दोन रकार कानास कितीहि निराळे वाटले तरी व्यवस्थेच्या दृष्टीनें एकच आहेत. अशा अर्थभेदक घटकास आपले भाषाशास्त्रज्ञ ‘स्वनिम’ म्हणतात. कानांवर पडणारा प्रत्येक फरक भाषेचा फरक नसतो, हा या शास्त्राचा पहिला पाठ होय. बोय यांचा ग्रंथ आपल्याला दुसरा, अधिक कठीण पाठ शिकवितो. भाषेचा प्रत्येक फरक कानांवर पडतोच असेंहि नाहीं.

कुत्र्यास डच भाषेंत ‘होन्त्’ म्हणतात. (डच त-द हे इंग्रजी ट-डपेक्षां आपल्या त-दांस जवळचे, आणि त्यांत महाप्राण नाहीं, म्हणून येथें ते तसे लिहिले आहेत, जेथें हलन्ताचें चिन्ह नाहीं तेथें शेवटचा अकार स्पष्ट उच्चारावा.) कुत्रे अनेक असले म्हणजे ‘होन्दन्’, त्यांतला शेवटचा नकार बोलण्यांत बहुधा गळतो. एकवचनांत तकार आणि अनेकवचनांत दकार, हा फरक आला कोठून? मागें नकार व पुढें स्वर आल्यामुळें तकार मृदु झाला असें म्हणावें, तर बाजू या अर्थाच्या ‘कान्त्’ शब्दाचें अनेकवचन ‘कान्तन्’ होतें. तेथें तकार जागचा हालत नाहीं. तेव्हां उत्तर एकच उरतें. ‘होन्त्’ म्हणणाराच्या मनांत ‘होन्द्’ आहे. शब्दाच्या अंतीं येणाऱ्या मृदु व्यंजनास कठोर करण्याचा या भाषेचा नियम त्या दकारास बाहेर येऊं देत नाहीं. प्रत्यय लागून शब्दाचा अंत पुढें सरकला म्हणजे दडलेला दकार प्रकट होतो. हृदय आणि कठीण या अर्थांचे दोन शब्द स्वतंत्र उच्चारले असतां दोन्ही ‘हार्त्’ असेच ऐकूं येतात; परंतु हृदयें अनेक असलीं तर ‘हार्तन्’, आणि ‘कठीण दगड’ म्हणतांना त्या विशेषणाचें रूप ‘हार्द’. कानास जे एक, ते व्याकरणास दोन. हा न ऐकूं येणारा दकार ग्रंथाच्या साऱ्या मांडणीचा आधारस्तंभ आहे : आधीं मनांतलें मूळ रूप, मग नियम, आणि शेवटीं उच्चार.

संस्कृत शिकलेल्या वाचकास हें विवेचन ओळखीचें वाटेल. ‘सुहृद्’ हा शब्द विरामापूर्वीं ‘सुहृत्’ असाहि उच्चारतात, आणि पुढें स्वर आला कीं दकार परत येतो, याची व्यवस्था पाणिनीच्या आठव्या अध्यायांत आहे. ‘वाक्’ आणि ‘दान’ मिळून जसें ‘वाग्दान’ होतें, तसेंच खिशाचा ‘ज़ाक्’ आणि फडक्याचा ‘दुक्’ मिळून डच भाषेंत रुमालास ‘ज़ाग्दुक्’ म्हणतात. यांत एक मौज आहे. या भाषेच्या स्वतःच्या शब्दांत आपल्यासारखा स्पर्श गकार नाहीं. त्याचें अक्षर घशांतल्या त्या घासट ध्वनीसाठींच वापरतात. जो ध्वनि वर्णमालेंत नाहीं तो दोन शब्दांच्या सांध्यावर जन्मास येतो, आणि बोलणारास त्याची वार्ताहि नसते. विचारलें तर आपण ककारच म्हणतों असें तो सांगेल. यूरोपीय भाषाशास्त्रज्ञ अशा विकारांस ‘सन्धि’ हाच आपला शब्द लावतात. डच विद्वानांचा या परंपरेशीं परिचयहि जुना आहे. आम्स्तर्दामचे फाद्देगोन यांनीं १९३६ सालीं पाणिनीच्या व्याकरणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेव्हां बोय यांच्या पुस्तकांत आपल्याला आपल्याच आजोळचीं माणसें भेटल्यासारखें वाटलें, तर तो केवळ भावनेचा खेळ नव्हे.

ग्रंथाचें खरें सामर्थ्य मात्र स्वरांच्या विवेचनांत दिसतें. डच स्वरांचे ह्रस्व आणि दीर्घ असे दोन वर्ग आहेत, आणि त्यांतील भेद केवळ लांबीचा नसून गुणाचाहि आहे. आतां तीन या अर्थाच्या ‘द्रि’ शब्दांतला इकार, किंवा गाईस म्हणतात त्या ‘कु’ शब्दांतला उकार घ्या. या जातीचे स्वर मोजून पाहिले तर आखूड भरतात. फक्त रकारापूर्वीं ते लांबतात. कानाच्या साक्षीनें त्यांस ह्रस्वांत घालावें लागेल. पण भाषा स्वतः काय म्हणते? ह्रस्व स्वरानें डच शब्द संपत नाहीं, कांहीं उद्गार सोडले तर. हे स्वर मात्र शब्दाच्या अंतीं सुखानें बसतात. ह्रस्व स्वरानंतर एकाच शब्दांत ‘म्प्’ सारखीं दोन व्यंजनें येऊं शकतात, दीर्घानंतर एकच चालतें (त, स यांसारखीं दन्त्य व्यंजनें या नियमाबाहेर आहेत). आणि हे स्वर येथेंहि दीर्घांचाच नियम पाळतात.

तिसरी साक्ष सर्वांत गोड आहे. डच लोकांस लहानपणा दाखविणारा प्रत्यय फार प्रिय. चहाच्या पेल्यापासून बागेपर्यंत सर्वांस ते तो लावतात. चेंडू म्हणजे ‘बाल्’, आणि लहान चेंडू ‘बालत्य’. खांब म्हणजे ‘पाऽल्’, आणि लहान खांब ‘पाऽल्त्य’. ह्रस्व स्वरापुढें ल, म, न, र असले तर प्रत्ययापूर्वीं एक अकार येतो, दीर्घापुढें येत नाहीं. मग खुर्ची, म्हणजे ‘स्तुल्’, हिची लहान खुर्ची कशी होईल? यांतला उकार घड्याळाच्या हिशेबानें ‘बाल्’ मधील स्वराच्या पंक्तीस बसतो. म्हणून ‘स्तुलत्य’ व्हावयास पाहिजे. पण डच मूल सहजपणें ‘स्तुल्त्य’ म्हणतें. त्याला कोणीं व्याकरण शिकविलें नाहीं, कोणीं स्वर मोजून दाखविला नाहीं; तरी तो उकार दीर्घांच्या कुळांतला आहे हें त्याला ठाऊक आहे. ध्वनिव्यवस्था ही अभ्यासकाच्या टेबलावर तयार झालेली वस्तु नसून बोलणाराच्या ठायीं नांदणारें ज्ञान आहे, याचा यापेक्षां सुंदर पुरावा मला तरी ठाऊक नाहीं. बोय यांनीं असे पुरावे एकामागून एक, शांतपणें व क्रमानें मांडले आहेत. त्यांची भाषा रूक्ष आहे, पण ती प्रामाणिक माणसाची रूक्षता आहे. अपवाद दृष्टीआड करून नियम साजरा करण्याचा मोह त्यांस होत नाहीं.

येथवर स्तुतीचा भाग झाला. आतां जेथें मन अडखळतें तीं स्थळें पाहूं.

बोय यांनीं दीर्घ स्वरास दोन घरें आणि ह्रस्वास एक घर दिलें आहे. आपल्या मात्रांची आठवण व्हावी अशीच ही योजना आहे. ‘स्तुल्’ मधील आखूड उकारासहि, त्याच्या वर्तनाकडे पाहून, दोन घरें मिळतात. पंचाइत होते ती शब्दांतल्या आघाताच्या वेळीं. पंचांग या अर्थाचा शब्द ‘आल्माऽनाक्’ असा आहे; त्यांत आघात पहिल्या अक्षरावर, आणि मधलें ‘माऽ’ दीर्घ असूनहि आघात त्यास ओलांडून मागें जातो. जिब्राल्टरचें डच नांव ‘खिब्राल्तार्’. यांतलें मधलें ‘ब्राल्’ ह्रस्व स्वराचें, पण व्यंजनानें बंद झालेलें आहे, आणि आघात त्यास ओलांडूं शकत नाहीं, तेथेंच थांबतो. आपल्या छंदःशास्त्रास विचारलें तर तें दोन्ही अक्षरांस गुरु म्हणेल. डच आघात बंद अक्षरास गुरु मानतो आणि दीर्घ स्वराच्या उघड्या अक्षरास लघु लेखतो. मग तीं दोन घरें गेलीं कोठें? लघुत्वाच्या प्रत्ययापुढें जो स्वर दोन मोजला जातो, तोच आघातापुढें एक कसा ठरतो?

या कोड्यावर मूळच्या बंगालच्या अदिती लाहिरी आणि त्यांचे सहकारी जाक कोरेमान यांनीं १९८८ मध्येंच निबंध लिहून, अक्षराचें वजन स्वराच्या लांबीवर नव्हे तर त्यास बंद करणाऱ्या व्यंजनावर ठरतें, या दिशेनें विचार केला होता. पुढें मार्क फान ओस्तेन्दोर्प यांच्यासारख्या अभ्यासकांनीं तर लांबीची कल्पनाच बाजूस सारून, डच स्वरांतील मूळ भेद ढिलेपणाचा व ताणाचा मानावा असें सुचविलें. या दोहोंपैकीं कोणतें मत टिकेल हा तज्ज्ञांचा वाद आहे. परंतु एकाच स्वरास एका प्रकरणांत दोन मात्रांचा मान आणि दुसऱ्यांत एका मात्रेचा, याचें समाधान मला या ग्रंथांत लाभलें नाहीं. नियम अचूक सांगितला आहे. तो तसा कां आहे, हें तेथें उलगडत नाहीं.

दुसरें अडखळण अधिक खोल आहे, आणि तें त्या न ऐकूं येणाऱ्या दकाराविषयींच आहे. हृदयाचा ‘हार्त्’ व कठीणाचा ‘हार्त्’ हे उच्चारांत तंतोतंत एक होतात, असें नियमाचें म्हणणें. नताशा वॉर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अशा जोड्या डच लोकांकडून वाचवून घेऊन यंत्रानें मोजल्या, तेव्हां त्यांच्या उच्चारांत सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांइतका फरक उरलेला आढळला. आणि ऐकणारे लोक अशा सूक्ष्म फरकाचा थोडाबहुत उपयोगहि करूं शकतात असें दिसलें. म्हणजे दकार अगदींच नाहींसा होत नाहीं. आपली सांवली मागें ठेवून जातो. परंतु याच अभ्यासकांनीं हेंहि दाखविलें कीं, ज्या शब्दांत भेद केवळ लिखाणाचा आहे तेथेंहि वाचणाराच्या उच्चारांत तसाच सूक्ष्म फरक उतरतो. मग ती सांवली दकाराची म्हणावी, कीं डोळ्यांपुढच्या अक्षराची? यंत्रानें फरक सांगितला, फरकाचें कारण सांगितलें नाहीं. यंत्राच्या साक्षीवर सर्व भार टाकणारांनीं हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

मिर्याम एर्नेस्तुस् व हाराल्त् बायेन यांचा २००३ सालचा प्रयोग तर याहून बोलका आहे. डच भाषेंत भूतकाळाचा प्रत्यय धातूच्या शेवटच्या व्यंजनाप्रमाणें ‘-त’ किंवा ‘-द’ असा होतो. शाळेंतील मुलें कठोर व्यंजनें लक्षांत ठेवण्यासाठीं एका जुन्या गलबताच्या नांवाची, ‘कोफ्स्ख़िप्’ ची, घोकंपट्टी करतात. प्रयोगकर्त्यांनीं मुळांतच अस्तित्वांत नसलेले धातु बनविले, ते अशाच रूपांत ऐकविले कीं शेवटचें व्यंजन नियमानें कठोर झालेलें असावें, आणि लोकांस त्यांचा भूतकाळ करावयास सांगितलें. मनांत ठेवलेलें मूळ रूप येथें कोणापाशींच नव्हतें; तेव्हां केवळ मूळ रूप आणि नियम यांवर भाषा चालत असती तर उत्तरें अंदाजपंचें यावयास हवीं होतीं. तीं तशीं आलीं नाहींत. त्या बनावट शब्दासारखे दिसणारे खरे शब्द भाषेंत जसे वागतात, त्या प्रमाणांतच लोकांनीं त्यास ‘-त’ वा ‘-द’ लावला. म्हणजे नियमाखेरीज आणखी एक गोष्ट बोलणाराच्या ठायीं काम करीत होती. ती म्हणजे आयुष्यभर ऐकलेल्या शब्दांची स्मृति. लघुत्वाच्या प्रत्ययांतहि तिची खूण सांपडते. फूल म्हणजे ‘ब्लुम्’. त्याचें नियमाप्रमाणें होणारें ‘ब्लुम्प्य’ हें रूप आहेच, पण शेजारीं ‘ब्लुमत्य’ हेंहि नांदतें, आणि पुष्पगुच्छास तेंच म्हणतात. नियम एकच रूप देतो. वहिवाट दोन ठेवते.

तिसरा प्रश्न जिवंत बोलण्याचा. सलग बोलण्यांत ध्वनींचे जे विकार होतात त्यांस बोय यांनीं आपल्या ग्रंथांत रीतसर स्थान दिलें आहे, हें त्यांचें श्रेय. पण ग्रंथांतला बोलणारा हा एकंदरींत शांत, सुशिक्षित, प्रमाण भाषा बोलणारा गृहस्थ आहे. घरांत, बाजारांत तोच गृहस्थ कसा बोलतो? ‘अर्थातच’ या अर्थाचा ‘नाऽत्यूर्लक्’ हा शब्द घाईच्या संभाषणांत ‘त्युक्’ एवढाच उरतो, हें एर्नेस्तुस् यांनीं दाखविलें आहे. १९९८ ते २००४ या वर्षांत नेदरलंड्स व बेल्जमचा डच भाग यांनीं मिळून बोललेल्या डच भाषेचा जो प्रचंड संग्रह सिद्ध केला, त्यांत सुमारें ९० लक्ष शब्द आहेत. त्यानंतर असे उच्चार अपवाद म्हणून बाजूस टाकणें कोणास शक्य राहिलें नाहीं.

शिवाय भाषा स्थिरहि नाहीं. फान दे फेल्द व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९३५ ते १९९३ या काळांतील नभोवाणीचीं ध्वनिमुद्रणें तपासून १९९६ सालीं दाखवून दिलें कीं, नेदरलंड्समध्यें व्ह, ज़ आणि घासट ग यांचा घोष क्रमाक्रमानें लोपत चालला आहे. ‘व्हान्’ चा ‘फान्’ होतो तो यामुळेंच. १९९८ सालीं यान स्त्रोप् यांनीं सुशिक्षित तरुण स्त्रियांच्या बोलण्यांत ‘एइ’ हा जोडस्वर ‘आय्’ कडे सरकत असल्याचें नोंदवून त्या नव्या वळणास ‘पोल्डर-डच’ असें नांव दिलें. १९९५ च्या ग्रंथावर पुढच्या शोधांचा दोष लादणें अन्यायाचें होईल. पण ज्या व्यवस्थेचें चित्र काढावयाचें ती चित्रकाराच्या डोळ्यांदेखत हालत होती, याची अस्वस्थता त्या चित्रांत उमटावयास हवी होती. ती फारशी उमटलेली नाहीं.

मग निर्णय काय करावा? नियमवाद्यांस निरोप द्यावा आणि यंत्र व संग्रह यांच्या हवालीं भाषा करावी? मला तसें वाटत नाहीं. या वादांत समेटाचा एक मार्ग डच भूमीवरच आधीं चोखाळला गेला होता, आणि तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आयन्द्होफन येथील संशोधनसंस्थेंत ’त हार्त्, कोलिए व कोहेन यांनीं बोलण्यांतील चढउताराचा, म्हणजे वाक्याच्या सुराचा, अनेक वर्षें अभ्यास केला आणि त्याचें सार १९९० सालच्या ग्रंथांत मांडलें. यंत्रानें काढलेली सुराची रेषा सदा थरथरती, वेडीवांकडी असते. त्यांनीं ती रेषा सरळ रेघांनीं सोपी करावयाची, त्या सोप्या सुरांत तेंच वाक्य पुन्हां ध्वनित करावयाचें, आणि डच श्रोत्यांस विचारावयाचें : मूळ वाक्यांत आणि यांत कांहीं फरक वाटतो काय? फरक वाटला नाहीं तर जी थरथर गाळली ती भाषेची नव्हती. फरक वाटला तर गाळलेलें परत घालावयाचें. यंत्र आधीं सर्व कांहीं देतें, आणि त्यांतलें भाषेचें किती हें ती भाषा बोलणाराचा कान निवडतो. यांत यंत्राचा अपमान नाहीं, आणि व्याकरणाची अंधश्रद्धाहि नाहीं.

या दृष्टीनें पाहिलें असतां बोय यांच्या ग्रंथाचें खरें मोल ठरतें. त्यांनीं नियमांची जी घडी बसविली, तिच्यावांचून एर्नेस्तुस् यांस काय तपासावें हें कळलें नसतें, आणि वॉर्नर यांस काय मोजावें हेंहि कळलें नसतें. तेथें तकारच ऐकूं येतो, मग दकाराची सांवली शोधण्याची बुद्धि कोणास झाली असती? नियम हा सत्याचा शेवट नव्हे. पण सत्यास विचारावयाचा पहिला नीट प्रश्न तो आहे. बोय यांनीं तो इतक्या स्वच्छपणें विचारला कीं त्याचें उत्तर ‘होय’ इतकें सोपें नाहीं, हें पुढच्यांस दिसूं शकलें. शास्त्रीय ग्रंथाची याहून मोठी सेवा नसते.

राहतां राहिली लेखनाची गोष्ट. आणि बोय यांनींहि तिच्यासाठीं स्वतंत्र प्रकरण राखलें आहे. ‘होन्त्’ ऐकूं येतें तरी डच मनुष्य दकारच लिहितो, म्हणजे लेखन कानाचें न ऐकतां मनांतल्या रूपाचें ऐकतें. परंतु घर म्हणजे ‘हाउस्’ सारखा उच्चारला जाणारा शब्द. त्याच्या अनेकवचनांत ज़कार आहे, तरी एकवचन लिहितांना तो सकारच लिहितो. येथें लेखन एकाएकीं कानाचें ऐकूं लागतें. हें वाचून हंसूं आलें तर आपल्या घरांतहि एकदां डोकावावें. प्रस्तुत लेख जुन्या वळणानें लिहिला आहे, आणि त्यांतले ‘तें’, ‘केलें’, ‘घरांत’ यांवरचे अनुस्वार आज पुण्यामुंबईच्या बोलण्यांत ऐकूं येत नाहींत. कोकणांतील कांहीं बोलींत मात्र ते अद्यापि वाजतात. १९६२ च्या लेखननियमांनीं ते गाळले, आणि गाळतांना कानाचीच साक्ष काढली. परंतु ‘ते’ आणि ‘तें’ यांत एक पुल्लिंगी अनेकवचन आणि एक नपुंसकलिंगी एकवचन आहे, हें कानास कळलें नाहीं तरी मराठी मनुष्याच्या व्याकरणास पक्कें ठाऊक असतें. पुढचें क्रियापद तो कधीं चुकत नाहीं. तो अनुस्वार पुन्हां लिहावा असें माझें म्हणणें नाहीं. जें ऐकूं येत नाहीं तें भाषेंत नाहींच, एवढें मात्र यापुढें कोणीं सहज म्हणूं नये. मराठीला आपला उच्चार लिहिल्याप्रमाणेंच आहे असें आपण अभिमानानें सांगतों. डच मनुष्यहि तसेंच समजून ‘होन्द्’ लिहितो, आणि ‘होन्त्’ म्हणतो.